एक स्टार, कारण इमोजी नाहीत

नावं ठेवणं ही आपल्याकडची अस्सल कला, पण तिला राजाश्रय कधी मिळाला नाही. ती कसर गूगल प्ले स्टोअरने भरून काढली. पूर्वी लग्नातल्या मठ्ठ्यात मीठ जास्त होतं हे सांगायला परतीच्या बसमध्ये कोणीतरी ओळखीचं गाठावं लागायचं. आता प्रत्येक वस्तूखाली पाच तारे मांडलेले असतात. त्यातले चार विझवायचे आणि लिहायला बसायचं. मला हे अभिप्राय वाचायचा नाद आहे. हॉटेलांचे मी वाचत नाही, कारण तिथे माणसं पनीरच्या तुकड्यांची संख्या आणि वेटरचा चेहरा यापलीकडे जात नाहीत. माझा आवडता विभाग अगदी छोटा आहे. पासवर्ड मॅनेजर नावाची जी ॲप असतात, त्यांतली काही स्वतःचा वेगळा कीबोर्ड देतात. त्या कीबोर्डाबद्दलच्या तक्रारी.

अशी काही वस्तू असते हेच पुष्कळांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते तिच्यावर चिडलेले आहेत.

मराठी घरात पासवर्ड ठेवायच्या जागा ठरलेल्या असतात. कालनिर्णयचं मागचं पान, दुधाच्या हिशोबाशेजारी. विम्याच्या फाइलीचं आतलं कव्हर. अलीकडे त्यात बायकोला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मेसेजची भर पडली आहे. तो हरवू नये म्हणून त्याला स्टारही मारलेला असतो, म्हणजे फोन उचलणाऱ्याला शोधाशोध नको. आणि पासवर्ड तरी काय, तर इंग्रजीत गणपती, पुढे @, पुढे मोठ्या मुलीचं जन्मसाल. यात सगळा दोष आपला नाही. पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि दर काही महिन्यांनी तो बदलायला हवा, ही संहिता २००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर यांनी लिहिली. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीनेही उगाच पासवर्ड बदलायला लावू नका असं लिहून टाकलं. ही बातमी आपल्या कार्यालयांपर्यंत पोचायची आहे. ती बहुधा साध्या टपालाने निघाली असावी.

तर एवढे पासवर्ड माणसाच्या डोक्यात मावत नाहीत म्हणून पासवर्ड मॅनेजर निघाले. डॉमिनिक राइख्ल या जर्मन प्रोग्रामरने २००३ मध्येच ‘कीपास’ आणलं. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत आणि त्या फाइलीला एकच मास्टर पासवर्ड. फुकट, आणि त्याचा सगळा कोड कोणालाही वाचायला मोकळा. कॉम्प्युटरवर हे उत्तम चाललं. घोळ झाला फोनवर. फाइलीतून पासवर्ड निघाला, पण तो रेल्वेच्या नाहीतर विजेच्या बिलाच्या चौकटीत न्यायचा कसा? कंस, टक्का, डॉलर असलेली चोवीस अक्षरं अंगठ्याने टाइप करायची म्हणजे निम्म्या वाटेत तिकिटं संपतात. म्हणून लोक कॉपी करायचे आणि तिकडे जाऊन पेस्ट करायचे.

आता कॉपी केलेलं जातं क्लिपबोर्डवर, आणि अँड्रॉइडवर त्या काळी मागे चालू असलेलं कुठलंही ॲप क्लिपबोर्ड निवांत वाचू शकायचं. टॉर्चचं ॲपसुद्धा. तुम्ही बँकेचा पासवर्ड कॉपी केलात आणि ज्याला फक्त उजेड पाडायला ठेवलं होतं त्यालाही तो कळला, अशी सोय. २०१९ मध्ये अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीने ही सोय बंद केली. आता समोर उघडं असलेलं ॲप आणि चालू कीबोर्ड, एवढ्यांनाच तो वाचता येतो. आयफोनवाले तेव्हा हसत होते. मग २०२० मध्ये आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या चौदाव्या आवृत्तीने कोणतं ॲप क्लिपबोर्डात डोकावतं हे पट्टी दाखवून सांगायला सुरुवात केली आणि टिकटॉक, लिंक्डइन यांच्यासकट बरीच मंडळी खिडकीशी सापडली.

क्लिपबोर्ड टाळायचा तर काय करायचं, याचं उत्तर फिलिप क्रोकॉल यांच्या ‘कीपासटूअँड्रॉइड’ या ॲपने दिलं: स्वतःचाच कीबोर्ड. ॲपमध्ये हवी ती नोंद उघडायची, मग लॉगिनच्या चौकटीत जाऊन हा कीबोर्ड निवडायचा. त्यावरून युजरनेम आणि पासवर्ड एकेका टिचकीत चौकटीत टाइप होतात. कॉपी नाही, पेस्ट नाही, टॉर्चला पत्ता नाही. काम झालं की या कीबोर्डाने बाजूला व्हायचं आणि तुमचा नेहमीचा कीबोर्ड परत यायचा. एवढंच त्याचं आयुष्य.

लोकांना नेमकं हेच पटत नाही. लग्नात चपला सांभाळायला बसवलेल्या माणसाला जिलब्या वाढायला येत नाहीत म्हणून त्याला एक स्टार द्यायचा, असा एकूण या तक्रारींचा सूर असतो. इमोजी नाहीत. बोट फिरवून लिहिता येत नाही. गुलाबी थीम नाही. शब्द सुचवत नाही. दिसायला जुनाट आहे. स्टिकर नाहीत! पासवर्डाच्या चौकटीत स्टिकर कुठे चिकटवणार, हे लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. आणि यातलं एकही वाक्य पैसे मोजून लिहिलेलं नसतं. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दलचा आपला संताप विकतच्या वस्तूपेक्षा नेहमी थोडा जास्त शुद्ध असतो.

आमच्या सोसायटीतल्या नानांच्या फोनवर हा कीबोर्ड बसवण्याचं पुण्यकर्म माझ्याकडे आलं होतं. नाना सहकार खात्यातून निवृत्त, त्यामुळे सहीआधी प्रत्येक कागद वाचायची सवय. अँड्रॉइडवर कुठलाही नवा कीबोर्ड चालू करताना फोन एक इशारा देतो: ही इनपुट पद्धत तुम्ही टाइप केलेला सगळा मजकूर गोळा करू शकेल, पासवर्ड आणि क्रेडिट कार्डाचे नंबर यांच्यासह. नानांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला.

“हे काय लिहिलंय?”

“इशारा आहे नाना. कुठलाही कीबोर्ड बसवताना येतो.”

“म्हणजे पासवर्ड चोरीला जाऊ नयेत म्हणून जो तुम्ही बसवताय, तोच पासवर्ड चोरेल असं फोन सांगतोय?”

“चोरेल असं नाही. चोरू शकेल असं.”

“आमच्या खात्यात ‘शकेल’ लिहिलं की चौकशी लागायची. त्यापेक्षा माझी वही काय वाईट?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण नानांच्या फोनवर आधीपासून एक कीबोर्ड होता. नातवाने बसवलेला. मागे दगडूशेठचा फोटो, प्रत्येक अक्षराला घंटेचा आवाज. तो बसवतानाही हाच इशारा आला असणार, शब्दाला शब्द. नातवाने तो अर्ध्या सेकंदात मान्य केला होता. इशारा खरा कोणाबद्दल आहे हे त्या दोन कीबोर्डांकडे पाहून कळायला हवं, पण घंटा वाजणाऱ्या वस्तूबद्दल आपल्या मनात शंका येत नाही.

इशारा पोकळही नाही. २०१६ च्या जुलैमध्ये ‘स्विफ्टकी’ या नावाजलेल्या कीबोर्डाने काही लोकांना टाइप करताना अनोळखी माणसांचे ईमेल पत्ते सुचवायला सुरुवात केली. कंपनीला आपली क्लाउडची सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. २०१७ च्या डिसेंबरात ‘एआय डॉट टाइप’ या कीबोर्डाचा सर्व्हर पासवर्डाशिवाय उघडा सापडला आणि त्यात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांची माहिती होती. कीबोर्ड कंपनीलाच पासवर्ड लावायचं सुचलं नाही, हे वाचून मला हसावं की आपलेही कीबोर्ड तपासावेत हे कळेना. मी आधी हसून घेतलं.

म्हणून ‘शब्द सुचवत नाही’ ही तक्रार मला सगळ्यात आवडते. शब्द सुचवायचे तर आधी शिकायला हवं, आणि शिकायचं म्हणजे तुम्ही काय लिहिता ते लक्षात ठेवायला हवं. या कीबोर्डाची नेमणूकच मुळी काही लक्षात न ठेवण्यासाठी झालेली आहे. लक्षात ठेवणारे कीबोर्ड काय करतात ते ज्यांनी पासवर्ड बायकोला व्हॉट्सॲपवर पाठवलेले आहेत त्यांना विचारावं. साधे कीबोर्ड लॉगिनच्या चौकटीत लिहिलेलं सहसा शिकत नाहीत, पण मेसेजमध्ये लिहिलेलं आनंदाने शिकतात. मग चतुर्थीच्या सकाळी घरच्या ग्रुपवर शुभेच्छा लिहायला घ्याव्यात, इंग्रजीत गणपती लिहून व्हावं, आणि वरच्या पट्टीवर ‘बाप्पा’च्या शेजारी @ आणि मुलीचं जन्मसाल हजर! आणि अंगठा घसरून तेच जातं. त्यावर तीन मावशा हात जोडलेले इमोजीही पाठवतात.

दुसरी मोठी तक्रार भाषेची: मराठी का नाही? ही वाचून मी आधी उभा राहिलो. स्वभाषेतला पासवर्ड! मग खाली बसलो. बऱ्याच साइट देवनागरी पासवर्ड घेतच नाहीत, हे एक. ज्या घेतात तिथे वेगळीच गंमत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र म्हणून आलं. त्याआधी आणि अजूनही पुष्कळ कीबोर्डांवर ते अ आणि त्यावर चंद्र असं दोन तुकड्यांत लिहिलं जातं. डोळ्याला दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरला मात्र ते दोन निराळे पासवर्ड. तेव्हा ‘ॲडमिशन’ हा पासवर्ड घरच्या फोनवर ठेवलात आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकलात तर दार उघडेलच असं नाही, आणि चूक कुठे झाली हे दाखवायला समोर फक्त काळे ठिपके. शुद्धलेखनावरून आपल्याकडे भांडणं पुष्कळ झाली, पण अजून कोणाचं बँक खातं बंद पडलं नव्हतं. तो दिवस लांबवलेला बरा.

मग ‘गेला नाही’ या प्रकारातल्या तक्रारी. पासवर्ड टाकून झाला, पण हा कीबोर्ड जागेवरच बसून राहिला आणि पुढचे सगळे मेसेज त्यावरूनच लिहावे लागले. नानांचंही हेच झालं. चार दिवस ते सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजी अक्षरांत आणि स्वल्पविरामाविना लिहीत होते. लोकांना वाटलं रागावलेत. पाण्याच्या टाकीचा रखडलेला प्रश्न त्या चार दिवसांत सुटला, हा फायदा कुठल्याच अभिप्रायात नोंदलेला नाही. कीबोर्ड बदलायला खाली कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं, ते दाबून जुना कीबोर्ड निवडायचा. ‘निदान हा कीबोर्ड येताना तरी आपोआप का येत नाही’ असं सगळेच विचारतात. कारण अँड्रॉइड कुठल्याही ॲपला परस्पर स्वतःचा कीबोर्ड तुमच्या बोटांखाली सरकवू देत नाही. बाहेरचा कीबोर्ड आत आणायचा तर माणसानेच निवडावा लागतो. नाहीतर त्या टॉर्चनेही एक कीबोर्ड काढला असता.

आयफोनवाल्यांची व्यथा याहून खोल आहे. ॲपलने २०१४ मध्ये, आयओएसच्या आठव्या आवृत्तीत, बाहेरच्या कीबोर्डांना पहिल्यांदा दार उघडलं. पण एक अट घातली: पासवर्डाची चौकट आली की बाहेरचा कीबोर्ड बाजूला होणार आणि ॲपलचा स्वतःचा येणार. म्हणजे पासवर्डासाठी बनवलेला कीबोर्ड सगळीकडे चालेल, फक्त पासवर्डाच्या चौकटीत चालणार नाही. कविता लिहा, किराणा लिहा, नको ते लिहा. ज्याच्यासाठी जन्मलात ते सोडून. आणि यावर ‘काम करत नाही’ म्हणून एक स्टार मिळतो तो बनवणाऱ्याला. ॲपलचं म्हणणं चूक नाही, अनोळखी कीबोर्डाने पासवर्ड ऐकू नयेत हे ठीकच. पण शेवटी २०१८ मध्ये बाराव्या आवृत्तीत त्यांनी पासवर्ड मॅनेजरांना थेट चौकट भरू दिली तेव्हा मला त्या चार वर्षांतल्या अभिप्रायांची आठवण झाली. ते कोणी पुसले नसतील.

बँकांबद्दल मी नाव न घेता बोलतो, कारण माझी ठेव तिथे आहे. एका बँकेच्या साइटवर पासवर्ड पेस्ट करू देत नाहीत, सुरक्षेसाठी. टाइप करायला पडद्यावर त्यांचा स्वतःचा कीबोर्ड येतो, ज्यात आकडे दर वेळी जागा बदलतात, तेही सुरक्षेसाठी. मी सात शोधत असतो आणि शेजारचा माणूस मला सांगतो, “तो बघा, खालच्या ओळीत.” एनआयएसटीने २०१७ च्या त्याच नियमावलीत पासवर्ड पेस्ट करू द्यावा असंही स्पष्ट म्हटलेलं आहे, कारण पेस्ट करता आलं तर लोक लांबलचक आणि वेगवेगळे पासवर्ड ठेवतात, नाहीतर मुलीच्या जन्मसालाकडे परत जातात. यूपीआयचं वेगळं. तिथला पिन चार किंवा सहा आकडी आणि तो टाकायची पाटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची. तुम्ही कुठल्याही ॲपमधून पैसे पाठवा, पिनची चौकट तीच, बाहेरच्या कीबोर्डाला तिथे प्रवेशच नाही. हे मला पटतं. पण ‘भाजीवाल्यासमोर हा कीबोर्ड उघडत नाही’ असं लिहून कोणी तारा कापला तर तो पिन आणि पासवर्ड यांतला फरक कोणाला समजावणार? पलीकडे भाजीवाला “झाले का पैसे?” म्हणून उभा आहे.

या सगळ्यात खरी गोष्ट अशी की हा कीबोर्ड आता जवळजवळ बेकार झाला आहे. अँड्रॉइडने २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीपासून ऑटोफिलची सोय दिली. चौकटीला हात लावला की पासवर्ड मॅनेजर विचारतो, भरू का? २०२० मध्ये अकराव्या आवृत्तीत तर ही सूचना तुमच्या नेहमीच्या कीबोर्डाच्या पट्टीवरच दिसू लागली. आता वेगळा कीबोर्ड निवडा, परत बदला, ते विसरा, टाकीचा प्रश्न सोडवा, यातलं काही उरलं नाही. लोकांनी सुखी व्हावं ना? तर तक्रार बदलली. ऑटोफिल या ॲपमध्ये चालतं, त्या ॲपमध्ये चालत नाही. चुकीच्या चौकटीत भरतं. युजरनेमच्या जागी पासवर्ड टाकतं. आणि शेवटी, हमखास: जुना कीबोर्डच बरा होता, तो काढू नका. तोच जुनाट. तोच इमोजीविरहित. मी हे अभिप्राय वाचताना नानांना ऐकवले तेव्हा ते म्हणाले, “आमच्या खात्यात बदलून गेलेल्या साहेबाबद्दल असंच बोलायचे.” मग त्यांनी आपला फोन काढून दाखवला. ऑटोफिल जिथे अडतं तिथे ते स्वतःच कीबोर्ड बदलून पासवर्ड टाकतात आणि परत घंटेवाला कीबोर्ड लावतात. वही मात्र कपाटात आहेच. “शकेल”साठी.

माझं मत विचाराल तर हा कीबोर्ड पाच तारे घेण्याच्या लायकीचा आहे, आणि ज्या कारणांसाठी त्याचे तारे कापले जातात त्याच कारणांसाठी. त्याला काही सुचत नाही, काही आठवत नाही, तो काही सजवत नाही, आणि आपण कुठल्या चतुर्थीला कोणाला काय लिहिलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एवढी अलिप्तता मी फोनमधल्या दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये पाहिलेली नाही. अर्थात ज्याने बनवला त्याच्यावर विश्वास हवा. म्हणून ज्याचा कोड उघडा आहे असाच घ्यावा. आपण तो वाचणार नाही, पण वाचणारे वाचतात.

तेव्हा वाचकहो, तुम्हालाही यावर अभिप्राय द्यायचा झाला तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. पडद्याचा फोटो जोडायचा असेल तर त्यात पासवर्ड दिसत नाही ना हे बघा. अशी ॲप बहुधा स्क्रीनशॉट घेऊच देत नाहीत ती याचसाठी, त्याबद्दल वेगळा तारा कापू नका. ‘फर्गॉट पासवर्ड’चं बटण का नाही असं विचारू नका. कीपाससारख्या ॲपचा मास्टर पासवर्ड ते ॲप बनवणाऱ्याकडे नसतो. कितीही रागावून लिहिलंत तरी तो तुम्हाला पाठवू शकत नाही, आणि फाइल दुसऱ्या कशाने उघडत नाही. म्हणून तो एक पासवर्ड कागदावर लिहा, कागद कपाटात ठेवा, आणि कुठल्या कपाटात ते घरात कोणालातरी सांगून ठेवा. फक्त व्हॉट्सॲपवर सांगू नका.